दोन हिरव्या जावा

टाचणीबाई आणि त्यांची जिवाभावाची मैत्रीण पहिल्यांदा भेटल्या तेव्हा दोघीही हिरव्या होत्या.

तिथे हजर असलेले लोक अजून सांगतात, की चहाच्या टेबलाच्या एका बाजूने एक डोंगर आला आणि दुसऱ्या बाजूने दुसरा. दोन्ही डोंगरांना खांदे होते, खांद्यांवर कातडी चिलखतं होती आणि खालच्या ओठातून वर आलेले केळ्याएवढे सुळे होते. जमीन हादरली. चहावाल्याने किटली पोटाशी धरली. लांब बांधलेला एक घोडा, जो ऐन लढाईच्या प्रसंगातही पेंगायचा, तो दोर तोडून पळाला आणि नंतर दिग्दर्शकाच्या गाडीमागे दडलेला सापडला. हे सगळं एवढ्यासाठी, की टेबलावर एकच स्ट्रॉ उरली होती आणि असले सुळे तोंडात असताना स्ट्रॉशिवाय चहा पिता येत नाही.

दोन हिरवे पंजे एकदम त्या स्ट्रॉवर पडले. टेबलाभोवतीची माणसं दोन पावलं मागे सरली. टाचणीबाईंनी चिलखतात हात घातला, तेव्हा आणखी दोन पावलं सरली. पण आतून निघाली ती धागे कापायची छोटी कात्री. टाचणीबाईंनी स्ट्रॉचे मधोमध दोन तुकडे केले आणि एक समोर धरला.

"अख्खी लागतेच कुणाला," त्या गुरगुरल्या. "तोंड आणि कप यांच्यात अंतर ते केवढं."

समोरच्या डोंगराने तुकडा घेतला, चहाचा एक लांब घोट ओढला आणि डोळे मिटले. "बाई," तोही गुरगुरला, "माणसांत तुझ्यासारखं माणूस भेटलं नाही."

मैत्री अशी जमली.

ऑर्क म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी व्हिडिओ गेम खेळणारं कुणी नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. ऑर्क ही हिरव्या कातडीची, सुळेवाली, बारा महिने कुऱ्हाड घेऊन फिरणारी जमात. एका गाजलेल्या गेममध्ये हे ऑर्क हजारोंनी येतात आणि हजारोंनी मरतात. सगळे पुरुष. गेममध्ये ते खपतंही, कारण तिथे मेलेला ऑर्क जरा वेळाने आपोआप परत उगवतो. त्याला आई लागत नाही. पण त्या गेमवर सिनेमा करायला घेतला तेव्हा एका बैठकीत कुणीतरी विचारलं, की एवढी जमात आली कुठून? मग ठरलं, की ऑर्कांना बायका हव्यात. आणि गेममध्ये त्यांचं एकही चित्र नसल्यामुळे ऑर्कांची बाई दिसते कशी हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

ते शोधायचं काम कलाकारांची निवड करणाऱ्या एका बाईंकडे आलं. बाईंची परीक्षा साधी होती. त्या कुठेही जायच्या आणि एखाद्या बाईकडे टक लावून बघायच्या. बघितल्यावर जी अंग चोरायची ती नापास.

टाचणीबाई अंग चोरणाऱ्यांतल्या नव्हत्या. चोरलं असतं तरी ठेवलं कुठे असतं, हा प्रश्न होताच. टाचणीसारखं त्यांच्यात काहीही नव्हतं. नाव पडलं ते त्यांच्या तोंडातल्या टाचण्यांवरून. घराच्या तळमजल्यावर त्यांचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, कंबर सैल करणं, असली कामं. दिवसभर ओठांत टाचण्यांची रांग, त्यामुळे गिऱ्हाइकांशी बोलणं बंद तोंडाने. आखूड "म्म" म्हणजे गुरुवारी मिळेल. तुटक "म्म-म्म" म्हणजे गुरुवारी मिळणार नाही. आणि पोटातून काढलेला लांब, खोल "म्म्म्म" म्हणजे कंबर मी सैल करते, पण चूक कापडाची नाही, हे तुम्हीही जाणता. निवड करणाऱ्या बाई स्वतःची पँट घेऊन आल्या होत्या. त्यांना तो तिसरा मिळाला. त्यांनी पँट तिथेच टाकली आणि करार पुढे केला.

करारात एक कलम होतं. सिनेमाबद्दल कुणाला, अगदी घरच्यांनाही, चकार शब्द सांगायचा नाही. टाचणीबाईंनी नवऱ्याला सांगितलं, की एका कारखान्याच्या गणवेशांचं मोठं काम आलंय आणि रोज पहाटे जावं लागणार. नवरा गरीब स्वभावाचा. काही दिवसांनी त्याने एवढंच विचारलं, "तुझ्या कानामागे हिरवं काय लागलंय?"

"गणवेशाचा रंग जातोय," टाचणीबाई म्हणाल्या. "कापडच हलकं दिलंय मेल्यांनी."

घरात आणखी एक माणूस होतं. म्हणजे घराच्या वरच्या मजल्यावर. टाचणीबाईंची धाकटी जाऊ. टाचणीबाई तिला 'वरची' म्हणायच्या आणि ती टाचणीबाईंना 'खालची'. दोघींचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं, आणि कारण जिन्यातच उभं होतं.

ते सासूबाईंचं लोखंडी कपाट. दारावर पुरुषभर आरसा. सासूबाई गेल्यावर दोन्ही भाऊ ते वर न्यायला निघाले, तेव्हा टाचणीबाई खालून म्हणाल्या, "कुणाला विचारून?" वरून जाऊ म्हणाली, "विचारायचं काय त्यात?" भावांना दम लागला होता. त्यांनी कपाट जिन्याच्या मधल्या वळणावर टेकवलं, जरा श्वास घेऊ म्हणून. ते तिथेच राहिलं. वर गेलं असतं तर खालची हरली असती, खाली आलं असतं तर वरची. किल्ली हरवली होती, आत काय आहे हेही कुणाला आठवत नव्हतं. कपाटाने वळणाचा मोठा भाग अडवला होता. एका वेळी एकच माणूस, तेही आडवं होऊन, जाऊ शकायचं. दोन्ही जावा देहाने भरभक्कम. त्या समोरासमोर आल्या की एकीला मागे जावं लागे, आणि मागे कुणी जायचं यावर दोघी आपापल्या पायरीवर इतका वेळ उभ्या राहात, की शेवटी नवरे येऊन आपापली बायको परत नेत. या कपाटाची तक्रार न करणारे घरात दोघेच होते, ते म्हणजे दोघे भाऊ. संध्याकाळी ते त्याच्या दोन बाजूंना कोपर टेकून गप्पा मारत; खालची खबर वर आणि वरची खाली जायची ती तेवढ्याच वाटेने.

ही वरची एका पोहण्याच्या तलावावर बायकांच्या वेळेत शिट्टी घेऊन बसायची. तिने शिट्टी मारली की पाणीसुद्धा थांबायचं. पण गेले काही दिवस तिने रजा काढली होती. गुडघ्याच्या उपचारांना जाते म्हणे, रोज भल्या पहाटे. तिच्या मानेवर हिरवे डाग टाचणीबाईंनी जिन्यातून पाहिले होते. तलावातलं शेवाळ, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

तुमच्या लक्षात आलं असेल. टाचणीबाईंच्या आलं नव्हतं, आणि त्यात त्यांचा दोष नाही. चेहऱ्यावर रबराचा दुसरा चेहरा, तोही पहाटेपूर्वी वेगवेगळ्या तंबूंत चिकटवलेला आणि काम संपल्यावर वेगवेगळ्या तंबूंतच सोलून काढलेला. राहिला आवाज. तो गुरगुर मास्तरांच्या ताब्यात होता.

गुरगुर मास्तर ऑर्कांना गुरगुरायला शिकवायला नेमले होते. स्वतःचा आवाज इतका मऊ, की त्यांनी हजेरी घेतली तर मागच्या रांगेला कळायचं नाही. "घशातून नाही, बाळांनो," ते विनवायचे. "बेंबीच्या खालून." बाकीच्या बायकांचे घसे दुपारपर्यंत बसले. टाचणीबाईंचा मात्र जन्म बंद तोंडाने बोलण्यात गेलेला; त्यांचा पहिला गुरगुराट ऐकून मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तरांचा नियम कडक होता. चिलखत अंगावर आहे तोवर साध्या आवाजात बोलायचं नाही. चहा मागायचा तोही गुरगुरून. नावंही घ्यायची नाहीत. गळ्यात ज्याची माळ ते नाव. टाचणीबाईंच्या गळ्यात बरगड्या होत्या म्हणून त्या बरगडी, आणि मैत्रीण जबडा.

पुढचं सगळं बोलणं या दोघी गुरगुरूनच करत होत्या. ती गुरगुर छापण्यात शाई फुकट घालवायची नाही म्हणून गाळली आहे. वाचकांनी हवी तिथे घालून घ्यावी.

सिनेमात थांबायचं फार असतं. घोडा थांबवतो, ढग थांबवतो, कुणाचा तरी सुळा निसटतो. बरगडी आणि जबडा एका खोट्या खडकाला टेकून बसायच्या आणि बोलायच्या. टाचणीबाईंना नवल वाटायचं. एवढं वय झालं, दुकानात रोज माणसं येतात, पण आपल्याला बोलायला अशी एक मैत्रीण कधी नव्हती. जबडाला रबराच्या आत पाठ खाजायची. बरगडी कुऱ्हाडीच्या दांड्याने खाजवून द्यायची. "डावीकडे. खाली. अजून. हां, जीव वाचवलास गं." मग बदल्यात जबडा आपल्या सूपमधले मऊ तुकडे तिला द्यायची.

आणि विषय बहुतेक वेळा एकच.

"आमच्या डोक्यावर एक राहते," बरगडी सांगायची. "चालते अशी की वरून छप्पर मोजतेय."

"माझ्या पायाखाली आहे तशी," जबडा म्हणायची. "दिवसभर मशीनचा खडखडाट. आणि तोंड उघडून कधी बोलणार नाही. नुसतं म्म, म्म."

"घुमी असते एकेकीची जात."

"अगं, जाऊ कुणाला चांगली मिळालीय?"

"तुला मिळायला हवी होती माझ्यासारखी."

"नाहीतर काय."

शेवटचा दिवस ठरला, तेव्हा जबडाने एक गोष्ट सुचवली. काम संपलं, चेहरे उतरले, की फाटकाशी भेटायचं. समोरच्या टपरीवर चहा घ्यायचा, स्ट्रॉशिवाय. खऱ्या तोंडाने. टाचणीबाई त्या दिवसाची इतकी वाट पाहू लागल्या, की दुकानात एका गिऱ्हाइकाची पँट त्यांनी चक्क बुधवारी दिली. पण आत धाकधूकही होती. हिरव्या रंगाखाली आपण आहोत तशा आहोत; बघून तिला आवडलोच नाही तर?

शेवटच्या दिवशीचा प्रसंग दिग्दर्शकाने खास या दोघींसाठी ठेवला होता. रोज खडकाशी बसलेल्या त्या जोडीवर त्याचा जीव बसला होता. ऑर्क लढाईला निघालेत. दोन आया टेकडीवरून बघतात. एक म्हणते, "तुझा मुलगा परत येईल." दुसरी म्हणते, "तुझाही." दोघी मिठी मारतात. बस्स. पण चेहरे जवळून दिसणार होते, आणि तशी संधी आजवर कुठल्याच ऑर्क बाईला मिळालेली नव्हती.

सकाळी जबडा लंगडत आली.

"काय गं?"

"काही विचारू नकोस. घरी गुडघ्याचं दुखणं खोटं सांगितलं होतं, आज ते खरं झालं. अंधारात घाईने उतरत होते, कपाटावर आपटले."

"कपाट कुठलं अंधारात?"

"जिन्यातलं. आमच्या सासूबाईंचं. लोखंडी, आरशाचं. जिन्यात पडलंय मेलं, माझ्या खालचीच्या हट्टापायी."

जगात जिने पुष्कळ आहेत. लोखंडी कपाटंही पुष्कळ आहेत. पण जिन्यात आरशाचं लोखंडी कपाट असलेलं घर एकच आहे, याची टाचणीबाईंना खात्री होती. रबराच्या आत त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. वरून तो होता तसाच हिरवा राहिला. मग त्यांना खडकाशी झालेलं सगळं बोलणं आठवलं. छप्पर मोजणारी आठवली. घुमी आठवली, आणि तिला आपणच घुमी म्हटलं होतं हेही आठवलं. सूपमधले मऊ तुकडे आठवले.

"काय झालं?" जबडाने विचारलं.

"म्म," टाचणीबाई म्हणाल्या.

तेवढ्यात बोलावणं आलं. टाचणीबाईंच्या मनात एकच होतं. हा प्रसंग उरकायचा आणि फाटकाकडे न फिरकता मागच्या कुंपणाने घरी जायचं. म्हणजे जबडाला कधी कळणार नाही, आणि जबडा निदान आठवणीत तरी जबडाच राहील.

"तुझा मुलगा परत येईल," टाचणीबाई म्हणाल्या आणि लाकडी फळीसारख्या पुढे झुकल्या.

"पुन्हा," दिग्दर्शक म्हणाला. "मिठी आहे ती. दार लोटायचं नाहीये."

पुन्हा झाली. पुन्हा फळी. "ती तुझी मैत्रीण आहे," दिग्दर्शक कळवळून म्हणाला. "अख्ख्या जमातीत तुला एकच ही. उद्या कदाचित तीही नसेल. हे मला तुझ्या पाठीत दिसू दे."

हे जरा जास्तच झालं. टाचणीबाईंच्या आत काहीतरी सुटलं, त्या धाडकन पुढे गेल्या आणि त्यांनी जबडाला अशी मिठी मारली की बरगड्यांच्या माळेतल्या दोन बरगड्या मोडल्या. खट्ट असा आवाज आला तो मात्र बरगड्यांचा नव्हता. दोघींचे सुळे एकमेकांत अडकले होते.

ओढून निघेनात. सुळे बसवणारे दातवाले पूर्वी कवळ्या करायचे आणि आपल्या कामाचा त्यांना फार अभिमान होता. सुळे तोंडातून त्यांच्या हाताशिवाय निघत नसत. दातवाले जेवायला गेले होते. जेवताना त्यांना हाक मारलेली चालत नसे. त्यामुळे गालाला गाल लावून, एकमेकींच्या गळ्यात हात टाकून, दोन ऑर्क माता टेकडीवर उभ्या राहिल्या.

"तुझं ते कपाट," बऱ्याच वेळाने टाचणीबाई म्हणाल्या. मान वळवता येत नव्हती, त्यामुळे त्या जबडाच्या कानाशी आणि समोरच्या क्षितिजाशी एकदमच बोलत होत्या. "आरसा खालच्या कोपऱ्यात तडकलाय. डाव्या."

मिठीत एक मोठा श्वास आत गेला आणि तो बाहेर यायला वेळ लागला.

"गणवेश," ती म्हणाली.

"आणि तुझा गुडघा."

"मी तुम्हाला घुमी म्हणाले, जाऊबाई."

"मीच म्हणाले. तू फक्त म्म म्म म्हणालीस."

"तुम्ही छप्पर..."

"अगं, तू म्हण तू. इतके दिवस म्हणत होतीस, आता काय झालं."

खाली ऑर्कांचं सैन्य डबे उघडून बसलं होतं.

"तुला ते कपाट हवं होतं का?" टाचणीबाईंनी विचारलं.

"कुठे ठेवणार होते मी? खोलीत मावतंय का ते?"

"मग वर कशाला नेत होतीस?"

"तू खाली ठेवून घेशील म्हणून."

टाचणीबाईंच्या पोटातून, बेंबीच्या बऱ्याच खालून, एक आवाज निघाला. आधी गुरगुर मास्तरांनाही कळेना हे काय आहे. मग जबडाच्या पोटातून तसाच निघाला. दोघी हसत होत्या. हसताना सुळे हलत होते, दुखत होतं, त्यामुळे डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि पाण्याने हिरव्या गालांवर रेघा उमटत होत्या. दिग्दर्शक कॅमेरा चालू ठेवा म्हणून हातांनी खुणा करत होता. तो स्वतःही रडत होता.

"पाठ खाजतेय," जबडा हुंदक्यातून म्हणाली.

"डावीकडे?"

"खाली. अजून."

दातवाले जेवून आले, त्यांनी चिकटा सोडवणाऱ्या औषधाचा एक थेंब टाकला आणि सुळे सुटले. दोघींनी टपरीवर चहा घेतला. खऱ्या तोंडाने बोलायला आधी जड गेलं, मग एकीने जरा गुरगुरून सुरुवात केली आणि जमलं.

कपाट त्याच आठवड्यात भंगारवाल्याने नेलं. नेण्यापूर्वी कुलूप तोडलं, तेव्हा आत एक पत्त्यांचा जोड, दोन ग्लास आणि अर्धी बाटली निघाली. किल्ली कधीच हरवलेली नव्हती. दोघे भाऊ खाली मान घालून उभे होते, आणि कपाट रस्त्याच्या वळणाआड जाईपर्यंत थोरला धाकट्याच्या पाठीवरून हात फिरवत होता. त्यांचं कुणाला पडलं नव्हतं. जावा एकमेकींच्या घरी चहाला बसू लागल्या होत्या. वरची खाली येऊन टाचण्या वेचून द्यायची. खालची तलावावर जाऊन काठावर बसायची आणि पोहायला आलेल्या बायकांना पोहण्याबद्दल सूचना द्यायची. करार संपल्यामुळे आता सगळ्या गल्लीला सिनेमाचं माहीत झालं होतं, आणि टेकडीवरची मिठी गल्लीतल्या प्रत्येकाने निदान दोनदा ऐकली होती, एकदा खालून आणि एकदा वरून.

सिनेमा लागला, त्या दिवशी दोन्ही कुटुंबं एका रांगेत बसली. मधल्या दोन खुर्च्यांवर जावा, हातात हात.

मिठी आली नाही. टेकडी आली नाही. गेम खेळणाऱ्यांना आयांशी काही देणंघेणं नाही, असं निर्मात्यांचं मत पडलं होतं, हे नंतर कळलं. ऑर्क बाया दिसल्या त्या एकदाच, धुरात, पाठमोऱ्या, डोंगराआड जाताना. त्यातली एक धिप्पाड बाई वाकून जमिनीवर पडलेली कुऱ्हाड उचलते आणि खांद्यावर टाकते. पडद्यावर ती पाठ चांगली मोठी दिसते.

"ती मी," टाचणीबाई म्हणाल्या.

"ती मी," वरची म्हणाली. दोघींनी एकदमच म्हटलं होतं.

"अगं, माझी पाठ मला कळत नाही होय?"

"पाठ कुणाला स्वतःची दिसते? मला आठवतंय, ती कुऱ्हाड मी उचलली होती."

"तुझा गुडघा दुखत होता. तू वाकलीच नव्हतीस."

"तो शेवटच्या दिवशी. हे आधीचं आहे."

"चिलखताची शिवण बघ. उसवली होती, तिथे मी घातलेले टाके दिसतायत."

"ते टाके तू माझ्या चिलखताला घातले होतेस."

मागच्या रांगेने शूः केलं. मध्यंतरात दोन्ही भावांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पॉपकॉर्न आणायला म्हणून जे गेले ते सिनेमा संपेपर्यंत आले नाहीत. बाहेर पडताना वरची म्हणाली, "ठीक आहे, जाऊबाई. तुम्ही म्हणता तर तुमची असेल." यातलं 'तुम्ही' टाचणीबाईंना नेमकं लागलं, आणि ते लागावं म्हणूनच म्हटलेलं होतं. टाचणीबाईंनी उत्तरादाखल तो पोटातला, लांब, तिसरा "म्म्म्म" काढला.

कपाट गेल्यापासून जिन्याच्या वळणावर भरपूर जागा झाली आहे. दोघी एकमेकींच्या शेजारून, धक्का न लागता, न बोलता जातात.